वाचनालयाची वेबसाइट : फाइलींच्या मालकीची दुरुस्ती (प्रकल्प नोंदी, वडोदरा)

२१ जुलै २०२५, सोमवार

दांडिया बाजारातल्या आमच्या वाचनालयाची वेबसाइट आजपासून पुन्हा माझ्याकडे आली. कार्यकारिणीने काम दोन वाक्यांत सांगितलं. गणेशोत्सवाच्या स्पर्धांची नावनोंदणी १० ऑगस्टला साइटवर सुरू झाली पाहिजे, आणि त्याआधी 'ती लाल पट्टी' गेली पाहिजे.

लाल पट्टी म्हणजे सुरक्षेसाठी बसवलेल्या वर्डफेन्सचा इशारा. साइट वर्डप्रेसवर चालते, आणि वर्डफेन्स हे त्याला जोडलेलं प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर. फायरवॉलला (नको त्यांना बाहेरच अडवणाऱ्या भागाला) आपल्या फोल्डरमध्ये लिहिता येत नाहीये, असं तो सांगतोय. मे महिन्यात साइट जुन्या होस्टिंगवरून नव्या भाड्याच्या सर्व्हरवर (उबुंटू ही त्याची ऑपरेटिंग सिस्टिम, एनजिनएक्स हा पानं पाठवणारा वेब सर्व्हर, पीएचपी-एफपीएम हा वर्डप्रेसचा पीएचपी कोड चालवणारा) हलवली, तेव्हापासून ती दिसते म्हणे. दोन महिने! इतके दिवस सगळ्यांनी ती खाली सरकवून काम चालवलं.

हा फायरवॉल आपले नियम, अडवलेले आयपी पत्ते आणि हल्ल्यांची नोंद डब्ल्यूपी-कंटेंटमधल्या (प्लगइनं आणि चढवलेल्या फाइली असतात ते फोल्डर) डब्ल्यूएफलॉग्ज नावाच्या फोल्डरमध्ये फाइलींत ठेवतो. डेटाबेसवर तो विसंबत नाही, कारण वर्डप्रेस जागं होण्याआधीच, डेटाबेसशी जोडणी होण्याआधीच, आलेल्याला आत घ्यायचं की नाही हे त्याला ठरवायचं असतं. या फाइली लिहिता आल्या नाहीत तर साइट चालू राहते, पण पहारेकरी जुन्या यादीवर बसून राहतो. म्हणून ही पट्टी मला दुर्लक्ष करण्यासारखी वाटत नाही.

टर्मिनलमध्ये जाऊन पहिली यादी काढली आणि पोटात गोळाच आला. डब्ल्यूपी-कंटेंट आणि त्याच्या आतलं जवळजवळ सगळं ७७७, म्हणजे सर्व्हरवरच्या कोणत्याही खात्याला वाचता-लिहिता येईल अशी परवानगी. पट्टी घालवण्यासाठी कोणीतरी आमच्यातल्याच स्वयंसेवकाने सगळी दारं सताड उघडून ठेवली होती, आणि पट्टी तरीही गेलेली नव्हती. ७७७ देऊनही 'लिहिता येत नाही' असं का, हा प्रश्न वहीत लिहून ठेवला. डब्ल्यूएफलॉग्जमधल्या फाइलींचा मालक 'रूट', म्हणजे सर्व्हरचं सर्वाधिकार असलेलं खातं, दिसतोय. मे महिन्यात साइट हलवताना रूटनेच कॉपी केली असणार, त्याचा तो उरलेला भाग असेल असं धरून चालते.

२२ जुलै, मंगळवार

आधी बॅकअप. फाइली आणि डेटाबेस दोन्ही, आणि तो सर्व्हरवर न ठेवता घरच्या डिस्कवर उतरवला. मग दुसरं काम, जे लोक बहुतेक वेळा सोडून देतात: दार दोन महिने उघडं होतं, तर आत कोणी येऊन गेलं का, ते बघणं.

डब्ल्यूपी-सीएलआयने (टर्मिनलमधून वर्डप्रेसला आज्ञा देण्याचं साधन) वर्डप्रेसच्या मूळ फाइलींचे चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेले ओळखीचे आकडे, पडताळले, एकही फाइल बदललेली नाही. अपलोड्स फोल्डरमध्ये फक्त चित्रं आणि पीडीएफ असायला हव्यात, तिथे एकही पीएचपी फाइल सापडता कामा नये. शोधलं, नाही सापडली. प्लगइनचं स्कॅनही पूर्ण चालवलं. ॲडमिन खाती चार होती, त्यातली दोन माणसं तीन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेली. ती खाती काढली, उरलेल्यांचे पासवर्ड बदलले. रात्री अकराला जिवात जीव आला.

त्यानंतर परवानगीचे नेहमीचे आकडे: फोल्डर ७५५, फाइली ६४४. दोन आज्ञा, दोन मिनिटं. डब्ल्यूएफलॉग्जची मालकी रूटकडून काढून साइटच्या खात्याला दिली. साइटच्या सगळ्या फाइली ज्या खात्याच्या नावावर आहेत, त्याचं नाव 'वाचन' आहे.

२३ जुलै, बुधवार

सकाळी नऊला जुन्या रजिस्टरांची पानं स्कॅन करून साइटवर चढवणाऱ्या मावशींचा फोन. "अगं, काल रात्रीपासून एकही पान चढत नाहीये. तू काही केलंस का?" केलं होतं.

इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण पुढे जो कोणी हे काम घेईल त्याने ही नोंद तरी वाचावी.

प्रत्येक फाइलला एक मालक असतो, एक गट असतो, आणि बाकीचे सगळे 'इतर'. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. ७५५ म्हणजे मालकाला सगळं, गटाला आणि इतरांना वाचणं आणि आत शिरणं, लिहिणं नाही. हा आकडा सगळीकडे पाठ करून सांगितला जातो, पण तो अर्धाच आहे. मालक कोण आणि पीएचपी कोणाच्या नावाने चालतंय, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. आमच्याकडे फाइली 'वाचन'च्या, आणि पीएचपी मात्र उबुंटूच्या ठरलेल्या वेब खात्याच्या नावाने चालतंय. म्हणजे वर्डप्रेस स्वतःच्या घरात 'इतर' होतं. ७७७ असेपर्यंत इतरांनाही लिहिता येत होतं म्हणून मावशींची पानं चढत होती. मी आकडे बरोबर केले आणि काम बंद पडलं.

दुपारी वाचनालयात जाऊन ग्रंथपाल काकांना हे सांगावं लागलं, कारण मावशींनी त्यांच्याकडे तक्रार नेली होती. काका पंचाहत्तरीचे, दाखल रजिस्टर अजून हाताने लिहितात. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि समोरचं एक पुस्तक उघडून पहिल्या पानावरचा जांभळा शिक्का दाखवला. "पुस्तक कपाटाबाहेर सापडलं की मी आधी शिक्का बघतो. कोणाचं आहे ते कळल्याशिवाय ते कोणाला द्यायचं की नाही हे मी कसं ठरवणार?" आणि मग, "तुमच्या फाइलींवर शिक्का नसतो का?" असतो, काका. मीच आधी बघितला नव्हता.

आणखी एक. फोल्डरवरचं 'चालवणं' म्हणजे आत शिरण्याची मुभा. फोल्डर वाचता येतं पण त्यात शिरता येत नाही, असं झालं तर दाराच्या फटीतून आतल्या पुस्तकांची नावं दिसतात, पुस्तक हातात येत नाही. म्हणून फाइलींना ६४४ आणि फोल्डरांना ७५५ असा फरक. सगळ्यांना सरसकट ६४४ दिलं की साइट संपली.

२४ जुलै, गुरुवार, दीप अमावस्या

संध्याकाळी आईने दिवे घासून पाटावर मांडले होते. पूजा झाल्यावर बसले.

दोन मार्ग होते. एक, सगळ्या फाइली वेब खात्याच्या नावावर करायच्या. दोन, पीएचपीच 'वाचन'च्या नावाने चालवायचं. पहिला सोपा, पण याच सर्व्हरवर वाचनालयाची जुनी चाचणी साइटही आहे आणि तीही त्याच वेब खात्याने चालते. एक फुटली की दुसरी गेलीच. म्हणून दुसरा निवडला. एफपीएममध्ये वेगळा पूल (पीएचपी चालवणाऱ्या प्रक्रियांचा गट), त्याचा यूजर आणि ग्रूप 'वाचन'.

नवा पूल सुरू केला आणि साइटवर ५०२, म्हणजे एनजिनएक्सला पीएचपीकडून उत्तरच मिळेना. कारण सापडायला चार मिनिटं लागली. पूल 'वाचन'चा असला तरी ज्या सॉकेटवरून (दोन प्रोग्रॅमांमधल्या जोडणीची फाइल) एनजिनएक्स त्याच्याशी बोलतो, त्या सॉकेटचा मालक वेब खातंच हवा, कारण एनजिनएक्स त्याच नावाने चालतो. ही मालकी ठरवणाऱ्या लिसन-ओनर आणि लिसन-ग्रूप या दोन ओळी घातल्या, साइट उठली.

लगेच दिसलेला फरक: प्लगइन अपडेट करायला गेलं की वर्डप्रेस एफटीपीचा (सर्व्हरवर फाइली पाठवण्याच्या जुन्या पद्धतीचा) पासवर्ड मागायचं, ते थांबलं. ते का मागत होतं हेही कळलं. अपडेटच्या आधी वर्डप्रेस एक तात्पुरती फाइल तयार करून बघतं की तिचा मालक आणि आपल्या स्वतःच्या कोडच्या फाइलचा मालक एकच आहे का. एकच असेल तर थेट लिहितं, नसेल तर एफटीपीचा रस्ता धरतं. म्हणजे गेले दोन महिने तो पासवर्डचा चौकोन हेच सांगत होता की मालकी जुळत नाही, आणि आम्ही तो बंद करून पुढे जात होतो.

डब्ल्यूपी-कॉन्फिगला, म्हणजे साइटच्या सेटिंगच्या फाइलीला, ६४० दिलं. त्यात डेटाबेसचा पासवर्ड असतो, 'इतरां'नी तो वाचायचं काही कारण नाही. मावशींना निरोप: पानं चढवून बघा. साडेनऊला उत्तर आलं, "चढली!" लाल पट्टी नाही.

२६ जुलै, शनिवार

पट्टी परत आली.

शुक्रवारी रात्रीपर्यंत नव्हती, आज सकाळी आहे. डब्ल्यूएफलॉग्जची यादी काढली. सहापैकी तीन फाइलींचा मालक पुन्हा रूट, परवानगी ६६०. म्हणजे रूट आणि रूटचा गट सोडून कोणाला ती वाचताही येत नाही. २१ तारखेचा अंदाज चुकला. हे मे महिन्यातलं उरलेलं नव्हतं, रूट आजही इथे येऊन लिहून जातोय. आणि ७७७ का चाललं नाही तेही उलगडलं. ७७७ तेव्हा असलेल्या फाइलींना दिलं होतं. त्यानंतर रूटने नव्या फाइली ठेवल्या, त्या स्वतःच्या मालकीच्या आणि बंद.

कोण लिहितं हे फाइल सांगत नाही, पण केव्हा लिहिलं हे सांगते. 'स्टॅट' चालवून वेळा काढल्या: ०६:१५:०३. दुसरी ०६:१५:०३. तिसरी ०४:३०:०४. तिन्ही पाव तासाच्या ठोक्याला, तीन-चार सेकंद पुढे. माणूस इतका वक्तशीर नसतो. रूटचा क्रॉनटॅब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या आज्ञांची यादी) उघडला आणि ती ओळ तिथेच होती. दर पंधरा मिनिटांनी डब्ल्यूपी-सीएलआयने वर्डप्रेसची ठरलेली कामं चालवायची, आणि शेवटी 'अलाउ-रूट'.

डब्ल्यूपी-सीएलआय रूटच्या नावाने चालवायला गेलं तर ते आधी नकार देतं, चांगला लांबलचक इशारा देऊन. 'अलाउ-रूट' लिहिलं की गप्प बसतं. आणि मग संपूर्ण वर्डप्रेस, त्यातल्या प्रत्येक प्लगइनसकट, सर्व्हरच्या सर्वाधिकाराने चालतं. सुरक्षेचं प्लगइनही त्यात आलं. ते लिहिताना जुन्या फाइलीत भर घालत नाही. आधी तात्पुरती फाइल लिहितं आणि मग तिचं नाव बदलून जुनीच्या जागी बसवतं, म्हणजे अर्धवट लिहिलेली फाइल कधीच कोणाच्या हाती लागत नाही. पद्धत चांगलीच आहे. पण त्यामुळे प्रत्येक वेळी मालक नवा, जो लिहील तो. बदल असेल तेव्हाच लिहिलं जातं, म्हणून पट्टी कधी चार तासांनी यायची, कधी दीड दिवसाने, आणि प्रत्येक वेळी वाटायचं की या वेळी गेली.

ती ओळ रूटच्या क्रॉनटॅबमधून काढून 'वाचन'च्या क्रॉनटॅबमध्ये घातली, 'अलाउ-रूट' शिवाय. डब्ल्यूएफलॉग्ज पूर्ण पुसलं. ते चालतं, प्लगइन ते स्वतः पुन्हा तयार करतं. तयार झालं, सगळ्या फाइली 'वाचन'च्या.

हे लिहिताना रागही येतोय. ही साइट हलवून देण्याचे पैसे वाचनालयाने वर्गणीतून दिले होते.

२७ जुलै, रविवार

सकाळी बघितलं, पट्टी नाही, मालक 'वाचन'. आज सुट्टी, म्हणून उरलेलं दुसरं दुखणं काढलं.

प्लगइन सांगत होतं की फायरवॉल मूळ पातळीवर चालतोय, विस्तारित संरक्षण बंद आहे. विस्तारित म्हणजे पीएचपीची कोणतीही फाइल चालण्याआधी फायरवॉलची फाइल चालणार. त्यासाठी साइटच्या मुळाशी डॉट-यूजर-आयएनआय नावाची छोटी फाइल असते, आणि तीत फायरवॉलच्या फाइलचा पूर्ण पत्ता. आमच्या फाइलीत जुन्या होस्टिंगचा पत्ता होता आणि ती ओळ अर्धविराम लावून बंद केलेली. हलवल्यावर साइट कोसळली असणार, मग कोणीतरी ओळच बंद केली. कोसळणारच होती, कारण आधी चालवायची म्हणून सांगितलेली फाइल सापडली नाही तर पीएचपी पुढे जातच नाही.

नवा पत्ता लिहिला, पान ताजं केलं, काही फरक नाही. इथे घाई करून आणखी काही बदलू नये. पीएचपी ही फाइल दर वेळी वाचत नाही, ठरलेली मुदत ३०० सेकंदांची आहे. पाच मिनिटं थांबले, विस्तारित संरक्षण सुरू. प्लगइन कधी काढायचं झालं तर क्रम उलटा: आधी ही ओळ काढायची, पाच मिनिटं थांबायचं, मगच फायरवॉलची फाइल पुसायची.

शिवाय हे प्लगइन आपल्या फोल्डरला बाहेरून कुलूप म्हणून एचटीॲक्सेस फाइल ठेवतं, पण एनजिनएक्स ती वाचतच नाही. त्यामुळे डब्ल्यूएफलॉग्ज आणि डॉट-यूजर-आयएनआय ब्राउझरमधून उघडणार नाहीत असे नियम एनजिनएक्समध्ये वेगळे घातले. फाइलींच्या पहिल्या ओळीत 'प्रवेश नाही' म्हणून बाहेर पडणारा कोड असतो, तो एक आधार आहे. पण दोन कुलपं बरी.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी

नावनोंदणीच्या अर्जासाठी एक छोटं प्लगइन बसवायला घेतलं. वर्डप्रेसने ते उतरवलं, उघडलं आणि म्हणालं की या पॅकेजमध्ये एकही वैध प्लगइन सापडलं नाही. दुसरं घेतलं, तेच. तिसरं घेतलं, तेच.

डब्ल्यूपी-कंटेंटमधल्या अपग्रेड फोल्डरमध्ये त्याचे अवशेष पडले होते. फाइली पूर्ण, आकार बरोबर, मालक 'वाचन'. पण परवानगीच्या रकान्यात मी आजवर न पाहिलेलं काहीतरी: मालकाला फक्त लिहिणं, गटाला काही नाही, इतरांना वाचणं, आणि शेवटी एक मोठा 'टी'. मालकाला आपलीच फाइल वाचता येत नाही! वर्डप्रेस फाइलचा माथा वाचायला गेलं, वाचता आला नाही, आणि त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की इथे प्लगइन नाही.

आकड्यांत हे १२०४. हा आकडा कोणी हाताने देणार नाही. अर्धा तास बघत बसले, मग डब्ल्यूपी-कॉन्फिग वरपासून खालपर्यंत वाचली. खालून चौथ्या ओळीत: नव्या फाइलींची परवानगी ६४४. पुढे शून्य नाही.

परवानगीचे आकडे अष्टमान (आठाच्या पायाच्या) पद्धतीत मोजतात. पीएचपीत ०६४४ लिहिलं तर तो अष्टमान आकडा होतो, ६४४ लिहिलं तर साधा दशमान सहाशे चव्वेचाळीस. आणि दशमान ६४४ अष्टमानात मांडला की येतो १२०४. वहीत आठाने भागून बघितलं: ६४४ भागिले ८, ८० आणि बाकी ४. ८० भागिले ८, १० आणि बाकी ०. १० भागिले ८, १ आणि बाकी २. खालून वर वाचा, १-२-०-४. टर्मिनलवर नुसतं ६४४ दिलेलं चालतं, कारण सीएचमॉड (परवानगी बदलण्याची आज्ञा) तो अष्टमानच धरतो. तिथली सवय इथे आली.

एक शून्य घातलं. प्लगइन पहिल्या फटक्यात बसलं.

ही ओळ मेपासून तिथे होती, पण एफटीपीच्या अडचणीमुळे डॅशबोर्डवरून काही बसतच नव्हतं, म्हणून ती कधी चाललीच नाही. एक दोष सुटला तेव्हा त्याच्यामागे लपलेला दुसरा दिसला.

२ ऑगस्ट, शनिवार

सात दिवस झाले, पट्टी नाही. अर्ज तयार: अथर्वशीर्ष पठण, निबंध, रांगोळी. वयोगटांवरून कार्यकारिणीत बरीच चर्चा झाली, ती इथे लिहीत नाही.

सर्व्हरच्या कामाचं एक पान लिहून काकांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं. साइटची कोणतीही आज्ञा 'वाचन'च्या खात्यातून चालवायची. रूट म्हणून आत असाल तर सुडो वापरून 'वाचन' बनून चालवायची. इशारा दिसला तर आधी मालक आणि वेळ लिहून घ्यायची, मग मला फोन. ७७७ कोणत्याही कारणाने नाही. काकांनी वाचून विचारलं, "आणि फोन लागला नाही तर?" तर थांबायचं. साइट एक दिवस बंद राहिलेली चालेल.

याच गावात १९१० मध्ये सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं काम उभं केलं. मावशी आत्ता जी पानं चढवतायत त्यात आमच्या वाचनालयाची जुनी दाखल रजिस्टरं आहेत. निळ्या-काळ्या शाईत पुस्तकाचं नाव, देणाऱ्याचं नाव, किंमत आण्यांत. कागद कडेने झडायला लागलाय, काही पानांची आता स्कॅनच शिल्लक राहणार आहे. ती कोणी पुसू शकेल अशा फोल्डरमध्ये दोन महिने पडून होती, हे मला अजून सहन होत नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

मावशींना एसएफटीपीचं (फाइली थेट सर्व्हरवर पाठवण्याचं) वेगळं खातं दिलं, मोठ्या पीडीएफ ब्राउझरमधून चढवताना तुटतात म्हणून. त्यांच्या नावाने आलेल्या फाइली साइटला वाचता येतात का? ६४४ आहेत, येतात. मग साइटला त्या पुसता येतील का, असं काकांनी विचारलं. उत्तर थोडं अनपेक्षित आहे: फाइल पुसण्याचा हक्क फाइलवर नसतो, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्या फोल्डरवर असतो. म्हणून रजिस्टरांचं फोल्डर मावशींच्या मालकीचं, ७५५. साइट वाचेल, दाखवेल, पुसू शकणार नाही. उद्या साइट फुटली तरी निदान ही पानं त्या वाटेने जाणार नाहीत. त्यांचा बॅकअपही वेगळा, रविवारी रात्री.

१० ऑगस्ट, रविवार

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी यादी काढली. डब्ल्यूएफलॉग्ज: सहा फाइली, सहाही 'वाचन'च्या, सगळ्यात ताजी ०६:१५:०३ ची.

नावनोंदणी आठला उघडली. काका वाचनालयात संगणकासमोर बसून होते, मी खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेत होते. आठ वाजून अकराला त्यांचा फोन: पहिला अर्ज आला, मांजलपूरची मुलगी, वय नऊ, अथर्वशीर्ष.